कामावरचा आवाज

फोन वाजला की ती आधी हसायची आणि मग उचलायची. घरातलासुद्धा.

फोन डाव्या कानाला. उजवा हात लिहायला मोकळा हवा म्हणून. लिहायला जवळ काही नसलं तरी.

बोलणाऱ्याचं नाव ती बोटाने मांडीवर गिरवायची.

मध्येच पाण्याचा घोट घ्यायची आणि तो अगदी हळू गिळायची, पलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून.

पलीकडचा माणूस ओरडायला लागला की डोळे मिटून घ्यायची आणि मान हलवत राहायची, जणू तो समोरच बसला आहे.

आणि आपण होऊन फोन कधी ठेवायची नाही. समोरच्याने ठेवला, की मग. मामाचा फोन असला की दोघंही ताटकळत. मामाचं किल्ल्या बनवायचं दुकान. तो खेकसायचा, "अगं ठेव की बाई, इथे गिऱ्हाईक दाराबाहेर अडकलंय!" ही म्हणायची, "तू ठेव आधी."

हे सगळं आईने पाहिलेलं होतं. दोन खोल्यांच्या घरात न पाहून करते काय. आई एका हॉटेलच्या लाँड्रीत चादरी घड्या करायची. मुलगी वॉशिंग मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागात होती. "मशीन बिघडलं की लोक हिला बोलतात," आई कौतुकाने सांगायची, "आणि मशीन चाललं की चादरी माझ्याकडे येतात."

तक्रार विभाग म्हणजे एक लांबलचक हॉल. पुठ्ठ्याच्या भिंतींनी पाडलेले कप्पे, आणि प्रत्येक टेबलावर एक गोल आरसा. नवीन आलेल्या मुलींना वाटायचं, कंपनी किती हौशी आहे. मग साहेब समजावून सांगायचे: आरशात बघून हसायचं आणि मगच बोलायचं. हसू आवाजात उतरतं. हिच्या आवाजात ते इतकं उतरलं, की हॉलमध्ये तिचं नावच पडलं साखर. मशीन चार वेळा बिघडलेला, शिव्या देत आलेला माणूस शेवटी हिला म्हणायचा, "तुमचा काही दोष नाही हो."

घरी मात्र साखर फारशी बोलायची नाही. आईला वाटायचं, दिवसभर बोलून दमते बिचारी. पुढे पुढे ती घरी आल्यावर बूटही न काढता भिंतीला टेकून बसायला लागली. मग सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत उठेना. मग केस धुणं सुटलं. जेवताना घास हातात धरून बसायची, कुणीतरी तो तिच्या हातात ठेवून गेल्यासारखा. आईने सगळं करून पाहिलं. लाड केले, रागावली, मामाला बोलावलं. मामाने विनोद सांगितले. साखर हसली. तेच हसू, फोन उचलण्याआधीचं.

एका संध्याकाळी आई कामावरून आली तेव्हा ती दारातच उभी होती.

"आई, आज मला एकटीला ठेवू नकोस."

"का गं?"

"माझा माझ्यावर भरवसा नाही."

आईने पिशवी खाली ठेवली. ती साखरेचा हात धरून बसून राहिली, आणि सकाळ होताच तिला घेऊन रुग्णालयात गेली.

डॉक्टरबाई मध्यम वयाच्या, पेन कानावर खोचून विसरणाऱ्या. त्यांनी साखरेचं पुष्कळ वेळ ऐकून घेतलं. बाहेर येऊन म्हणाल्या, "तिने तुम्हाला सांगितलं, हे फार मोठं काम केलं तिने. नैराश्य आहे, आणि खोल आहे. दाखल करू या. औषध लागू पडायला वेळ लागेल. तोवर ती इथे राहायला हवी."

विम्याची काळजी नव्हती. साखरेच्या कंपनीनेच सगळ्यांचा उतरवला होता. पॉलिसीत मनाचे आजारही धरले होते. आईने ती ओळ दोनदा वाचून घेतली होती.

वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर. खिडक्या वरूनच थोड्या उघडणाऱ्या, पडद्यांना दोऱ्या नाहीत. आईने पहिल्याच दिवशी चादरीवरून बोट फिरवलं आणि नाक मुरडलं. "खळ किती घालतात मेले. पुठ्ठा झालाय."

साखर भिंतीकडे तोंड करून पडून असायची. डॉक्टरबाईंनी तिला एकच काम दिलं. "दिवसातून एक वाक्य. कामावरच्या आवाजात नाही, घरच्या. आणि सुरुवात 'मला'पासून. मला हे हवंय, मला ते नकोय, काहीही. पूर्ण करायचं मात्र."

पहिले काही दिवस नुसतंच "मला" यायचं. साखर ओठ हलवायची आणि पुन्हा भिंतीकडे वळायची. आई श्वास रोखून बसायची. मग एका दुपारी ते वाक्य आलं. घोगरं, आईने कधी न ऐकलेल्या आवाजात.

"मला ही चादर टोचते."

आईला रडू फुटलं. ती उठली, तरातरा चालत सिस्टरकडे गेली आणि म्हणाली, "चादर बदला! टोचते म्हणतेय माझी लेक! टोचते!" सिस्टर बघतच राहिली. तक्रार करायला आलेली बाई इतकी आनंदात तिने कधी पाहिली नव्हती.

त्यानंतर दोन दिवसांनी फोन आला.

वॉर्डात पेशंटजवळ फोन ठेवू देत नसत. आई भेटीच्या वेळेत यायची तेव्हा साखरेचा फोन आईच्याच पर्समध्ये असायचा. विमा कंपनीतून बोलतोय, पडताळणी अधिकारी, रुग्णाशी थेट बोलायचं आहे, असं एक साहेब म्हणाले. आईने फोन पुढे केला.

साखर उठून बसली.

फोन डाव्या कानाला लावला. आणि हसली.

"नमस्कार! बोला ना, सर."

आई बघत राहिली. हे काय आक्रीत! तोच आवाज, स्वच्छ, गोड.

"अगदी छान आहे, सर. तुम्ही कसे आहात? ... झोप ना, लागते की. ... जेवण इथलं जरा रुग्णालयासारखंच आहे, सर. आता काय करणार, रुग्णालयच आहे." पलीकडे साहेब खळखळून हसल्याचं आईलाही ऐकू आलं. "... नाही, सर, तसे काही विचार नाहीत. ... हो, सर, सगळे खूप काळजी घेतात. ... आपण आठवणीने फोन केलात, मनापासून आभार. आपला दिवस आनंदात जावो."

मग ती थांबली. साहेबांनी फोन ठेवल्यावर तिने कानापासून दूर केला. हसू चेहऱ्यावरून उतरायला थोडा वेळ लागला. ते उतरल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पुन्हा आडवी झाली.

आईला आनंद कुठे ठेवू आणि कुठे नको असं झालं होतं. ती धावत सिस्टरकडे गेली.

"बोलली! हसली! दोन वाक्यं नाही, चांगली दहा-पंधरा बोलली!"

"कुणाशी?"

"विम्याच्या माणसाशी."

सिस्टरच्या हातात औषधांचा ट्रे होता. तो तिने खाली ठेवला.

"अहो आई," ती म्हणाली, "मला बोलवायचं ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी बिलाच्या खिडकीतल्या माणसाने आईला हाक मारून थांबवलं आणि स्क्रीनवर बघत सगळं वाचून दाखवलं. रुग्णाशी प्रत्यक्ष बोलणे झाले. रुग्ण प्रसन्न, संभाषणात सहभागी, विनोदबुद्धी शाबूत. यापुढे दाखल ठेवण्याची वैद्यकीय गरज दिसून येत नाही.

"विनोदबुद्धी?" आई म्हणाली.

"असं लिहिलंय."

"हसता आलं म्हणून आजार नाही?"

"मावशी, मी फक्त वाचून दाखवतो." त्याने खालच्या आवाजात सांगितलं, की डॉक्टरबाई भांडताहेत, दोन-तीन दिवस कसेबसे काढू, पण त्यानंतर एकतर मंजुरी हवी, नाहीतर सगळा खर्च घरचा.

डॉक्टरबाई खरंच भांडत होत्या. त्यांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. "मी तिला रोज तपासते," त्या फोनवर सांगत होत्या. "तुम्ही चार मिनिटं बोललात... नाही, ती खोटं बोलली नाही, तिने काम केलं... अहो, काम! ड्यूटी!" मग बराच वेळ नुसतं ऐकणं. मग त्यांनी फोन टेबलावर आपटला आणि पेन शोधू लागल्या. पेन कानावरच होतं.

मामा दुकान बंद करून आला. त्याचं मागच्या वर्षी पित्ताशय काढलं होतं. याच विमा कंपनीने चकार शब्द न काढता पैसे भरले होते.

"माझ्या पित्ताशयाला फोन केला होता का कुणी?" तो वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून तणतणला. "की बाबा रे, कसा आहेस, खरंच दुखतोयस का, की नाटकं करतोयस? तेव्हा यांना पोटाचा फोटो पुरला. आता हिच्या मनाचा फोटो कुठून काढून आणू?"

"हळू बोल, ती ऐकेल."

"ऐकू दे. माझ्या पित्ताशयाने 'नमस्कार सर' म्हटलं असतं तर ते अजून पोटातच असतं."

आई हसली, आणि आपण हसलो याचाच तिला राग आला. ती आत जाऊन साखरेच्या उशाशी बसली. विचारायचं नाही असं तिने ठरवलं होतं. तरी विचारलंच.

"तू असं का बोललीस गं त्याच्याशी?"

साखरेने चादर खांद्यापर्यंत ओढून घेतली. मग भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाली, "त्याने विचारलं, कशा आहात. 'कशा आहात'ला दुसरं उत्तर येतच नाही मला."

"अगं पण विम्यासाठी विचारत होता तो."

"सर होता, आई. सरांपाशी रडू का मी?"

त्या दिवशी दुपारी आईने विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. लाँड्रीच्या मागच्या जिन्यात बसून, मशीनच्या घरघरीपासून लांब. आज कुणाची गय करायची नाही असं तिने ठरवलं होतं. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. त्यातले दोन शब्द असे होते, की ते तिने उभ्या जन्मात तोंडातून काढले नव्हते. पलीकडे गाणं वाजत होतं. आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं मधूनमधून कुणीतरी सांगत होतं. आईच्या तळपायाची आग मस्तकात जात होती.

मग गाणं थांबलं.

"नमस्कार! मी आपली काय मदत करू शकते?"

कोवळा आवाज. स्वच्छ, गोड. आणि त्या वाक्यानंतर लगेच, अगदी हळू, पाण्याचा घोट गिळल्याचा आवाज. दुसऱ्या कुणाला तो ऐकूही आला नसता.

पाठ केलेलं सगळं आईने बाजूला ठेवलं. ती मुलगी आता डोळे मिटून बसली असेल. समोर आरसा असेल. आपण जे बोलू ते ती संध्याकाळी घरी घेऊन जाईल आणि बूट न काढता भिंतीला टेकून बसेल. शिव्या द्यायच्या होत्या त्या साहेबांना, आणि ते साहेब या क्रमांकावर कधीच भेटणार नव्हते. त्यांनी पुढे ही पोर बसवून ठेवली होती.

"बाळा," आई म्हणाली, आणि मग जमेल तसं सगळं सांगितलं. लेक काय काम करते ते. आरशाचं. हसून फोन उचलायचं.

पलीकडे कीबोर्डवरची टकटक थांबली.

"आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत, मॅडम," मुलगी म्हणाली. मग आवाज एकदम खाली आला, आणि गोडवाही गेला. "मावशी, पुन्हा पडताळणी करा असं म्हणा. स्पष्ट म्हणा. तसं म्हटलं की मला नोंदवावंच लागतं."

"पुन्हा पडताळणी करा."

"धन्यवाद, मॅडम. आपली विनंती नोंदवली आहे. आणखी काही मदत?"

"नाही."

दोघीही थांबल्या. जिन्यात लाँड्रीची घरघर लांबून येत होती.

"ठेवा ना, मावशी."

"तू ठेव. मी कुणाला सांगणार नाही."

"नाही चालत हो."

आईने फोन ठेवला. जिन्यात ती तशीच बसून राहिली. एवढा मोठा राग घेऊन आली होती, आणि तो तसाच्या तसा परत घेऊन चालली होती.

पुन्हा पडताळणीचा फोन दोन दिवसांनी आला. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, तिला काही शिकवू नका. आईने शिकवलं नाही. एवढंच म्हणाली, "तू आत्ता कामावर नाहीस. तुला वाटतं तसं बोल."

"वाटतं तसं बोलायला आवाज कुठून आणू?" साखर म्हणाली.

फोन वाजला. तेच साहेब. साखर उठून बसली, फोन डाव्या कानाला गेला, आणि आईने पाहिलं, ओठांची टोकं वर सरकायला लागली होती.

आईला काय सुचलं कोण जाणे. तिने पुढे होऊन आपले दोन्ही तळवे लेकीच्या गालांवर ठेवले. चादरीवरची सुरकुती दाबून बसवावी तसे. हसू तळव्यांखाली थोडा वेळ धडपडलं आणि थांबलं.

"हॅलो?" साहेब म्हणत होते. "कशा आहात? हॅलो?"

साखरेने तोंड उघडलं. काहीच आलं नाही. तिचे डोळे आईच्या डोळ्यांत रुतले होते. पाणी गालांवरून आईच्या बोटांवर उतरायला लागलं.

"हॅलो, ऐकू येतंय का? मॅडम, आपण सहकार्य केलं नाही तर..."

साखर फोन ठेवत नव्हती, साहेबही ठेवत नव्हते. शेवटी आईने एक हात काढून फोन घेतला.

"साहेब, हा तिचा आवाज. घ्या लिहून."

"मला काहीच ऐकू येत नाहीये, मॅडम."

"तेच."

साहेबांनी लिहून घेतलं. बिलाच्या खिडकीतल्या माणसाने ते सकाळी वाचून दाखवलं: रुग्णाने सहकार्य केले नाही. तथापि, उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या आग्रहावरून अल्प मुदतवाढ. यानंतर वाढ मिळणार नाही.

"बोलली तर बरी आहे," आई म्हणाली, "आणि नाही बोलली तर सहकार्य नाही. मग आजारी माणसाने यांच्याशी वागायचं तरी कसं, ते सांगा ना."

खिडकीतल्या माणसाने तो कागद छापून पुढे सरकवला.

मुदतवाढ संपली तशी साखर घरी आली. बरी झाली म्हणून नव्हे. औषध नुकतं कुठे लागू पडत होतं. डॉक्टरबाई निरोप द्यायला खाली दारापर्यंत आल्या. तिला एकटं ठेवू नका, म्हणाल्या. पुन्हा तसं वाटलं तर कसलाही विचार न करता थेट घेऊन या, पैशांचं नंतर बघू. आणि दर आठवड्याला दाखवायला या.

ते दर आठवड्याचं दाखवणं पॉलिसीत बसत नव्हतं. पॉलिसी फक्त दाखल असलेल्यांची होती.

"म्हणजे आत राहू द्यायचं नाही, आणि बाहेर राहिलं तर बघायचं नाही," मामा म्हणाला. "मी अशी किल्ली बनवली असती तर लोकांनी दुकान फोडलं असतं." तो आता दुपारी दुकान बंद ठेवून भाचीजवळ येऊन बसतो. आई लाँड्रीत सकाळच्या पाळीला जाते. त्या वेळेला साखरेची कॉलेजातली मैत्रीण येते, पुस्तक घेऊन. वाचत मात्र नाही.

वाक्याचं काम घरीही चालू होतं. मला खिडकी बंद हवी. मला मामाचे विनोद नकोत. ह्यावर मामाने आनंदाने टाळी वाजवली. कधी वाक्य यायचं, कधी दिवस कोरडा जायचा.

परवा आईची सुट्टी होती. ती ओट्यापाशी चहा करत होती. साखर उठून आली आणि स्वयंपाकघराच्या दारात टेकून उभी राहिली. केस विस्कटलेले. पण ती आपण होऊन उठून आली होती, कुणी हाक न मारता.

"आई," ती म्हणाली. त्या घोगऱ्या आवाजात. "मला..."

आई वळली नाही. वळलं तर ते वाक्य बुजेल असं तिला वाटलं. चमचा हातात तसाच धरून ती थांबली.

"मला ना..."

आणि फळीवरचा फोन वाजला.

फोन साखरेच्या हाताशी होता. आई वळेपर्यंत ती हसली होती. वळेपर्यंत तो डाव्या कानाला होता.

"नमस्कार! ... हो, बोला ना. ... पाच. ... त्यालाही पाच. ... हो, पाच. ... नाही, काहीच सूचना नाहीत. आपला दिवस आनंदात जावो."

पलीकडून फोन ठेवला गेला. मग हिने ठेवला.

"कोण होतं?"

"विमा कंपनी. सेवा कशी वाटली, पाचपैकी गुण विचारत होते."

"आणि तू पाच दिलेस?" आईचा आवाज चढला. "त्यांना? पाचपैकी पाच?"

"त्यांना नाही गं. फोनवर मुलगी होती." साखर जमिनीकडे बघत म्हणाली. "चार म्हटलं तरी तिचा पगार कापतात."

आईने चमचा ओट्यावर टाकला. कुणावर ओरडावं ते तिला ह्याही वेळी कळेना. तिने गॅस बंद केला. हात पदराला पुसले. स्टूल ओढून ती लेकीसमोर बसली.

"तू काहीतरी सांगत होतीस. 'मला' म्हणालीस."

साखर दाराच्या चौकटीवर बोटाने गिरवत होती.

"मला काय?"

"आठवत नाही."

"आठव. मला काही घाई नाही."

चहा भांड्यातच गार झाला. ते वाक्य अजून झालेलं नाही.